म्हातारीचा पाय

गुरुवारी दुपारी फोनवर आईचा निरोप आला, चार शब्दांचा.

"म्हातारीचा पाय तडकलाय. ये."

मी तेव्हा दुधाच्या टाकीत होते. म्हणजे खरोखरच आत. आमच्या कारखान्यात अॅल्युमिनियमच्या टाक्या बनतात आणि आतले सांधे जोडायला वेल्डरला टाकीत उतरावं लागतं. हातमोजा काढून मी ते चार शब्द पुन्हा वाचले. आईने आजवर स्वतःला म्हातारी म्हटलेलं मला आठवत नव्हतं. दुसऱ्या कोणी म्हटलं तर त्याचं काही खरं नसायचं. तीच बाई आज आपण होऊन असं लिहिते म्हणजे काय. फोन लावला तर उचलेना. माझ्या पायाखालची टाकी सरकली.

*सोबत घेतलेलं सामान*

कुबड्या, एक जोडी. शेजारच्या काकूंच्या.

गुडघ्याचा पट्टा. दुखण्याचं मलम. आणखी एक दुखण्याचं मलम, कारण दुकानदार म्हणाला पहिलं तितकंसं लागू पडत नाही.

सोमवारपर्यंतची रजा.

वेल्डिंगचं काहीही नाही.

*दारात*

शुक्रवारी दुपारी आईने दार उघडलं. दोन्ही पायांवर उभी होती. एका हातात बादली, दुसऱ्या हातात फडकं, मागे नुकतीच पुसलेली फरशी.

"चपला बाहेर," ती म्हणाली. मग, "कुबड्या कोणाला?"

"तुला!"

"माझ्या पायांना काय धाड भरलीय?"

"तूच लिहिलंस ना, म्हातारीचा पाय तडकला म्हणून?"

"मग? काय खोटं लिहिलं? या घरात म्हातारी एकच. ती शेडमध्ये आहे आणि पेट्रोल पिते."

मी कुबड्यांसकट पायरीवर बसले. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं करून घेतलं.

"म्हणजे तुला वाटलं, मी स्वतःला म्हातारी म्हणाले?" आता आईला राग यायला लागला होता. "अठ्ठावन्न म्हणजे म्हातारी?"

म्हातारी म्हणजे आमची मोटर, होडीच्या मागच्या फळीला अडकवायची. मी जन्मले त्या वर्षी बाबांनी ती घेतली आणि घेतली तेव्हाच ती वापरलेली होती. म्हणजे माझ्याहून मोठी, पण किती ते तिच्या बाबतीतही कोणी विचारत नाही. तिला डोकं आहे, तिथे इंजिन. मान आहे, तो मधला उभा भाग. आणि पाय आहे, म्हणजे पाण्यात बुडणारं खालचं हाउसिंग, ज्याच्या पोटात गिअर असतात आणि मागे पंखा फिरतो. पुस्तकात याला वेगळी नावं असतील. आमच्याकडे पुस्तक नव्हतं.

याच मोटरवर बाबा तीस वर्षं रोज सकाळी सातला खाडीपलीकडे फेरी मारत होते. शाळेच्या बाई, टपालवाला, आणि ज्याला जायचं असेल तो. पाय तडकल्यापासून, म्हणजे चार दिवस, फेरी एक तरुण करत होता. त्याची बोट नवी, फायबरची, म्हणून त्यालाच सगळे फायबर म्हणतात. बंदराच्या ऑफिसने बाबांना मुदत दिली होती. सोमवारी सातला म्हातारी पाण्यात दिसली तर फेरी बाबांची. नाही दिसली तर कायमची फायबरची.

हे मला आईने पायरीवर सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

*शेड*

बाबा मोटरशेजारी स्टुलावर बसले होते. माझ्या पावलांवरूनच म्हणाले, "आलीस ठिणगे? ये. बघ हिचं काय ते."

वेल्डिंग शिकायला गेले तेव्हापासून मी ठिणगी. तेव्हा तो टोमणा होता.

"दगडाला लागला पाय," बाबा म्हणाले. "ओहोटी होती."

"नाचता येईना..." आई दारातून म्हणाली, आणि अर्ध्यावर थांबली.

"काय?"

"काही नाही. अंगण झाडायचंय म्हटलं."

"आणि ही लाकडं कसली?" बाबांनी कुबडीला हात लावून विचारलं.

"म्हातारीसाठी. तिच्या मुलीने आणल्यात."

बाबा इतके हसले की स्टूल डगमगलं. पण कुबड्या कामाला आल्या. पाय सोडवताना मान खाली येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी तिच्या हनुवटीखाली लावल्या. तीन दिवस म्हातारी कुबड्या घेऊनच उभी होती.

*पुठ्ठा*

बाबांची पद्धत अशी की निघालेला प्रत्येक बोल्ट एकाच बिस्किटाच्या डब्यात जायचा. सगळे भाऊ-भाऊ. परत बसवताना हात घालायचा, हाताला येईल तो नजरेसमोर धरायचा आणि म्हणायचं, "हा तिथला."

आमच्या कारखान्यात डबा चालत नाही. तिथे पुठ्ठा. वस्तूचं चित्र पुठ्ठ्यावर काढायचं, जिथे बोल्ट तिथे भोक पाडायचं, आणि जो जिथून निघाला तो तिथेच खोचायचा. मी पुठ्ठ्यावर म्हातारीचा पाय काढला. बाबांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं.

"बूट काढलास की काय?"

भोकांना आकडे घातले. पुढचं त्या आकड्यांनुसार.

*भोक १*

पंख्याचा नट. सरळ निघाला. पंख्याची तिन्ही पाती धड होती, कुठे चीर नाही की वाकलेली कड नाही.

दगडाला लागलेल्या पायाचा पंखा असा नसतो. हे मला तेव्हाच दिसलं. म्हटलं, असेल बाई, नशीबवान दगड असेल.

*भोक २ आणि ३*

तेलाचे दोन स्क्रू, खालचा आणि वरचा. आधी खालचा काढला, मग हवा जायला वरचा. तेल बाहेर आलं ते पांढरट, फेसाळ. तेलात पाणी मिसळलं की असंच होतं. म्हणजे तड्यातून पाणी थेट गिअरपर्यंत पोचलेलं.

"कसं आहे?" बाबांनी विचारलं.

"दूध. मी कुठेही गेले तरी दूध सुटत नाही."

त्यांनी दोन बोटांत तेल चोळलं, नाकाशी नेलं. "फार दिवस नाही झाले. गिअर वाचले असतील." बरोबर निघालं. गिअर वाचले होते.

*भोक ४, ५, ६, ७, ८*

मान आणि पाय यांना जोडणारे पाच बोल्ट, वरून खाली जाणारे. चार लांब. पाचवा, मागचा, आखूड, कारण त्याच्या भोकाला बूड आहे. बुडाखाली लगेच गिअरची खोली.

मी एकेक काढला, एकेक खोचला. चार नंबरच्याला पाना लावला तर तो दोन आट्यांतच हातात आला, जसा काही कोणी नुसता टेकवून ठेवला होता. आठवा मात्र निघेना. पान्याला पाइप घालून जोर लावला तेव्हा तो किंचाळत सुटला.

पुठ्ठा उलटा केला. मागून बोल्टांची टोकं दिसत होती. पाच, सहा, सात सारखे बाहेर आलेले. चार नंबरचा जेमतेम डोकावत होता.

आणि आठ नंबरचा, जो आखूड असायला हवा, तो लांब होता. त्याचं टोक चेपून चकचकीत झालेलं.

मी पुठ्ठा परत सुलटा केला आणि भिंतीला टेकवला.

"सगळे निघाले?"

"निघाले."

"पिळून बसवले होते चांगले," बाबा म्हणाले. "गेल्या आठवड्यात पाण्याच्या पंपाचं रबर बदललं ना, तेव्हा. मागचा एक बसतच नव्हता. पण मी काय सोडतो? पाइप घालून बसवला."

*खडू*

तडा किती लांब आहे हे पाहायची जुनी रीत. हाउसिंग धुवायचं, वाळवायचं, रॉकेल लावायचं, पुसून टाकायचं. मग खडूची पूड भुरभुरायची. तड्यात लपलेलं रॉकेल हळूहळू खडूत चढतं आणि ओली रेघ उमटते.

रेघ उमटली. आठव्या भोकाच्या बुडाशी सुरू झालेली, तिथून तीन फांद्या. एक बाहेरच्या कडेकडे, दोन आत. बाहेरून मार बसला की तडा वेगळा पडतो. हा आतून ढकलून पडलेला होता. लांब बोल्ट बंद भोकात गेला, बुडाला टेकला, आणि वरून कोणीतरी पाइप घालून पिळत राहिलं.

"दिसतोय?" बाबांनी विचारलं. रेघ त्यांच्या नाकासमोर होती, काळी, बोटभर लांब.

"दिसतोय."

"मलाही दिसतोय," ते म्हणाले, आणि बोट ठेवलं दोन इंच अलीकडे.

*स्वयंपाकघर*

आई धुतलेले डबे पुसत होती. मी दार लोटून घेतलं.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"आई."

तिने डबा ठेवला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेत म्हणाले डॉक्टर. काढले की सगळं लख्ख दिसेल. आधी एक, पंधरा दिवसांनी दुसरा. महिनाभर पाण्यावर जायचं नाही."

"मग?"

"मग काय. महिनाभर गेलो नाही तर फेरी फायबरची होते, म्हणाले. डॉक्टरांना सांगून आले, पुढच्या वर्षी बघू. मोतीबिंदू काय, कुठे पळून चाललाय?"

"आणि फेरी मारत होते? असेच? माणसं घालून?"

"एकटे नाही. दोन महिने मी जाते सोबत. हवा खायला."

"तुला तर पाणी आवडत नाही."

"नाहीच आवडत. सगळा वेळ पुढे बसून बोलत असते. अगंबाई, ही कोणाची होडी आली वाटतं डावीकडून. अहो, जरा उजवीकडे घ्या, माझ्यावर ऊन येतंय. असं." तिने फडकं झटकलं. "ढग असले की पंचाईत व्हायची. ऊन येतंय कसं म्हणणार?"

मला हसू आलं आणि तिलाही आलं. मग तिचं गेलं.

"माझं ऐकतील? तीस वर्षांत ऐकलंय? तुझं ऐकतील. मोटरचं असलं तर नक्कीच. म्हणून तुला बोलावलं." ती जवळ आली. "तू फक्त सांग, पाय गेला. जोडता येत नाही. एवढंच."

"येतो की जोडता."

"ते तुला माहीत आणि मला माहीत. त्यांना कुठे दिसतंय?"

ती वाईट अर्थाने म्हणाली नव्हती. पण वाक्य बाहेर पडल्यावर तिने हातातल्या फडक्याची उगाच घडी घातली.

"फेरी गेली की डोळे करायला तयार होतील," आई म्हणाली. "मोटर गेली, माणूस राहिला. चालेल मला."

*खोटं, तीन तऱ्हांनी*

पहिलं: बाबा, कास्टिंग सडलंय, टाका धरत नाही.

दुसरं: बाबा, आतली बेअरिंगची जागा तडकलीय, नवा पायच हवा, आणि तो आता मिळत नाही. (हे चांगलं होतं. यातलं अर्धं खरं होतं.)

तिसरं: काहीच बोलायचं नाही. थंड टाका घालायचा. वरून सुबक दिसतो, आत पकडत नाही. दोन दिवसांत सुटतो. मग कोणाचाच दोष नाही, म्हातारीचं वय झालं.

शनिवारी सकाळपर्यंत मी तिसऱ्यापाशी आले होते.

*रेलिंगवाला*

गावात आर्गन गॅसवरचं वेल्डिंगचं मशीन एकट्या रेलिंगवाल्याकडे. जिने, गॅलऱ्या, फाटकं. दुकानभर अर्धवट जिने उभे, कुठेच न जाणारे.

मी गिअर, सील, सगळं काढून रिकामा पाय पिशवीत घालून नेला. बाबाही आले. आई म्हणाली, मी पण येते, जरा हवा खायला.

"ठिणगीताई!" रेलिंगवाला म्हणाला. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. "मोठ्या कारखान्यातली माणसं आज गरिबाच्या दारी?"

"अॅल्युमिनियमचा रॉड आहे?"

"आहेत चार. एकदा घेतले, एक वापरला, सगळं वितळून माझ्या बुटावर आलं. तेव्हापासून नमस्कार."

"मशीन अॅल्युमिनियमवर चालतं ना?"

"मशीन चालतं गं. मी चालत नाही."

तड्याच्या तिन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे धावत नाही. मग तडा कोरून त्याची खोलगट खाच केली. पाय भट्टीजवळ ठेवून तापवला, तर जुन्या कास्टिंगमधून तेल घाम यावा तसं बाहेर यायला लागलं. पुसलं. पुन्हा तापवला. पुन्हा आलं. चार वेळा. तीस वर्षं प्यालेलं तेल चार वेळा पुसून थोडंच जातं, पण पाचव्यांदा फडकं जवळजवळ कोरडं राहिलं.

बाबांना मी लांब, पाठ करून बसवलं. "इकडे बघायचं नाही. डोळ्यांना त्रास होतो."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय," बाबा म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं.

मी काच खाली ओढली. काचेआड आपण आणि तो हिरवट ठिपका, बाकी दुनिया नसते. करंट मुद्दाम कमी ठेवला आणि पहिला टाका घातला. थंड टाका. गोळी नुसती वर बसली, पाण्याचा थेंब मेणावर बसतो तशी. वरून छान दिसत होती. असे आणखी अकरा घातले की झालं. सोमवारी सकाळी म्हातारी निघेल, शाळेच्या बाई बसतील, टपालवाला बसेल.

आणि मधोमध, खाडीच्या मधोमध, टाका सुटेल.

हे मला आधी का सुचलं नव्हतं देव जाणे. दोन दिवसांत सुटेल म्हणताना मी दिवस धरला होता, जागा धरली नव्हती.

काच वर केली, कानस मागितली आणि ती गोळी मुळापासून काढली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"कमी पडत होतं. वाढव रे करंट."

आईला वेल्डिंगचं ओ की ठो कळत नाही. पण ती उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

तीन रॉड लागले. चौथा रेलिंगवाल्याने आठवण म्हणून ठेवला. पाय गरम राखेत पुरून ठेवला, हळूहळू निवावा म्हणून. घाईने निवला की पुन्हा तडकतो. बाबा दोन तास राखेच्या डब्याशेजारी बसून होते. मधूनमधून वरून हात धरून बघायचे.

"अजून ताप आहे," म्हणायचे.

*रविवार, पुठ्ठ्यावरून परत*

कानस. पॉलिश पेपर. बंद भोकाला नवे आटे. नवे सील. आत एकही गिअर मी बाबांच्या हाताशिवाय बसवला नाही, कारण ते त्यांच्या बोटांना माझ्या डोळ्यांपेक्षा चांगलं येतं. लहान गिअरला किती ढिलाई हवी हे त्यांनी कानाशी धरून, हलवून सांगितलं.

मग पायात सायकलच्या पंपाने हवा भरली आणि तो बादलीत बुडवला. गळका असेल तर बुडबुडे येतात. बाबा बादलीवर वाकले, पण बघायला नाही. कान लावला.

"काही नाही," म्हणाले. "तुला?"

"एकही नाही."

"पक्का जोडलास." पायाच्या कडेवरून, जोडाच्या उंचवट्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "मी म्हणालो होतो तुझ्या आईला, पोरीच्या हातात आहे."

आईने बादली उचलून नेली. शनिवारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

पाच बोल्ट राहिले. मी पुठ्ठा बाबांसमोर धरला.

"बाबा, गेल्या वेळी चार आणि आठची अदलाबदल झाली होती."

त्यांचा हात थांबला.

"लांब तो मागे गेला होता. त्याने पाय तडकला. दगडाने नाही."

त्यांनी पुठ्ठ्यावरची भोकं बोटाने मोजली. मग, "कोणी केली अदलाबदल?"

"डब्याने."

त्यांनी पुठ्ठ्याच्या चार नंबरच्या भोकातून आखूड बोल्ट काढला, चाचपला, लांबाशी लावून पाहिला, बोटांनी. "डब्याला डोळे नसतात," ते म्हणाले आणि तो मागे, त्याच्या जागी घातला. पाना मागितला. पाइप मागितला नाही.

*पाण्यावर*

चार वाजता होडी काढली. आई पुढे बसली, मी मध्ये, बाबा मागे हँडल धरून. दुसऱ्या दोरीला म्हातारी सुरू झाली आणि असा काही आवाज करायला लागली की बाबांचा चेहरा तिशीतला झाला.

"ऐकतेस? गिअर बघ कसा पडतोय! लोण्यासारखा."

ऐकत होते. खरंच छान पडत होता. माझ्या हातून झालेल्या कामांत ते एक चांगलं काम होतं आणि ते मला कुठे ठेवावं कळत नव्हतं.

खाडीच्या मधल्या भागात वाळूचा दांडा आहे. त्याच्या कडेने खुणेचे खांब रोवलेत, त्यांच्या उजवीकडून जायचं.

"बाबा, किती खांब दिसतायत?"

आई पुढे बसल्या बसल्या ताठ झाली. तिने तोंड उघडलं.

"आई, तू नको."

बाबा हसले. "परीक्षा घेतेस? सहा."

मी परत मोजले. आईनेही मोजले असणार, तिच्या मानेवरून कळत होतं.

"पाच आहेत, बाबा."

"सहा गं. मीच रोवलेत त्यातले दोन."

"तिसरा पडलाय. नुसता खुंट राहिलाय पाण्याखाली."

बाबांनी आईकडे तोंड केलं. "काय गं?"

आई वळली नाही. "मागच्या वादळात पडला," ती म्हणाली. "सव्वा महिना झाला."

त्यांनी म्हातारीला बंद केलं. होडी आपली आपण थोडी पुढे गेली आणि थांबली. पाणी फळ्यांना लागल्याचा आवाज येत होता.

"मग मी रोज कसा वळत होतो तिथे?"

"मला ऊन लागायचं," आई म्हणाली.

बाबांनी ते समजून घ्यायला वेळ घेतला. दोन महिन्यांचं ऊन होतं ते.

"बाईंना माहीत आहे?"

"बाईंना वाटतं, माझं डोकं फिरलंय. सारखी बडबडते."

"बसवत होतो त्यांना," बाबा म्हणाले. "रोज बसवत होतो." मग हँडल सोडून ते उठले, दोन्ही हातांनी होडीच्या कडा चाचपत मधे आले आणि माझ्या जागेवर बसले. "चालव. मला घरी ने."

मी म्हातारीला सुरू केलं. तिसऱ्या खुंटाजवळ आलो तेव्हा आईने सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

*सोमवार, सातला दहा कमी*

धक्क्यावर चौघं होते. शाळेच्या बाई, टपालवाला, ऑफिसचा माणूस वही घेऊन, आणि फायबर आपल्या बोटीत. आमची होडी शेजारी बांधलेली, म्हातारी तिच्यावर.

"झाली का हो नीट?" बाईंनी विचारलं.

"मोटर ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "सुरू करून दाखवतो." आणि धक्क्यावरूनच वाकून दोरी ओढून दाखवली. ऑफिसच्या माणसाने मान हलवून वहीत खूण करायला पेन काढलं.

"थांबा," बाबा म्हणाले. त्यांनी मोटर बंद केली. "मोटरचं ते झालं. मला खांब दिसत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाहीत. दोन महिने झाले. ही सांगायची, मी वळायचो." आईकडे हात केला, नेमका. "आज बाईंना मी नेणार नाही. डोळे करून घेतो आणि मग येतो. तोवर याने न्यावं."

ऑफिसचा माणूस म्हणाला, "पण काका, नियमाप्रमाणे आज नाही म्हणजे..."

"माहीत आहे."

"महिन्याने आलात तर अर्ज नव्याने करावा लागेल. मिळेलच असं नाही."

"माहीत आहे म्हटलं ना."

फायबर आपल्या बोटीत उभा होता. त्याला काय करावं कळत नव्हतं. आनंद दाखवायची सोय नव्हती. "काका," तो म्हणाला, "महिन्याने... बघू आपण."

"बघू," बाबा म्हणाले. "आधी मला बघू दे."

टपालवाला हसला, मग इतर कोणी हसत नाही म्हणून थांबला. बाई फायबरच्या बोटीत उतरल्या. बसण्याआधी वळून आईला म्हणाल्या, "ताई, चुकलंच माझं. मला वाटायचं तुम्ही..."

"बडबडी. आहेच मी."

"मधल्या वाळूकडे लक्ष ठेव," बाबांनी फायबरला सांगितलं. "तिसरा खांब पडलाय."

"दिसतं मला, काका."

तो सहज म्हणाला होता. तरी ऑफिसच्या माणसाने वहीत मान घातली.

"हो," बाबा म्हणाले. "तुला दिसतं."

मग ते गुडघ्यावर बसले. फायबरच्या बोटीचा दोर कुठल्या खुंट्याला आहे हे हाताने शोधलं, गाठ चाचपली, सोडवली, आणि वेटोळं करून त्याच्या दिशेने फेकलं. फायबरने ते पकडलं.